मोरियासूंचा तो नमस्कार

जपानच्या फुटबॉल टीमचे कोच हाजिमे मोरियासू यांचा तो फोटो २०२२ च्या डिसेंबरात इतका फिरला की माझ्या फोनवर सगळीकडून तोच येत होता. क्रोएशियाविरुद्ध पेनल्टीवर ३-१ ने हरले, वर्ल्डकपमधून बाहेर, आणि हा माणूस एकटाच मैदानावर उभा राहून प्रेक्षकांपुढे कमरेत वाकलाय, हात मांडीला चिकटलेले, मान अगदी खाली. मी तो फोटो झूम करून कितीदा बघितला असेल.

पण लोक फक्त फोटो शेअर करतात, त्यामागचं फार कोणी सांगत नाही. मोरियासू स्वतः मिडफिल्डर होते, १९९३ मध्ये कतारमधल्या दोहाला इराकविरुद्ध जपान २-१ ने पुढे होतं, पहिला वर्ल्डकप अगदी हाताशी आलेला आणि इंजुरी टाइममध्ये गोल खाल्ला, संपलं सगळं. जपानमध्ये त्याला आजही 'दोहाची शोकांतिका' म्हणतात. मोरियासू त्या टीममध्ये खेळत होते हो! पुढे कोच म्हणून सानफ्रेच्चे हिरोशिमा या क्लबला २०१२, २०१३ आणि २०१५ अशी तीनदा जपानची जे-लीग जिंकून दिली, आणि २९ वर्षांनी त्याच कतारमध्ये जर्मनीला आणि स्पेनला, दोघांनाही २-१ ने हरवलं, दोन्ही वेळा आधी पिछाडीवर असताना. जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोल, दोआन आणि असानोचे, त्यांनीच बदली म्हणून उतरवलेल्या पोरांनी मारले.

मॅच चालू असताना मोरियासू वहीत काहीतरी लिहीत असतात, ती वहीपण नेटवर फेमस आहे. मला तर ती वहीच जास्त आवडते.