पंचनाम्यातला रिकामा रकाना

बेळगावात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पोलीस ठाण्यातून बोलावणे येते ते बहुधा विहिरीत किंवा ओढ्यात सापडलेल्या हाडांसाठी, आणि मृत्यू किती महिन्यांपूर्वीचा एवढेच त्याला सांगायचे असते. हुक्केरी तालुक्यात शेततळे खोदताना जेसीबीला लागलेला सांगाडा मात्र पाहताक्षणीच वेगळा वाटला. हाडे वजनाला हलकी होती, पोकळ्यांत माती घट्ट बसली होती, वरचा थर झाडांच्या मुळांनी कुरतडला होता, आणि डोक्यापाशी आतून काळ्या व बाहेरून तांबड्या वाडग्यांची खापरे होती. दख्खनमधील लोहयुगीन महापाषाणीय, म्हणजे मोठमोठे दगड रचून केलेल्या, दफनांत अशी भांडी नेहमी सापडतात; गोकाकजवळच्या कोण्णूरची दगडी दफनघरे त्याच परंपरेतली. खुनाचा संशय मिटल्याने फौजदारांचा जीव भांड्यात पडला. पुरातत्त्व खात्याला कळवून त्यांची माणसे येईपर्यंत मी हाडांना हात न लावता जवळून पाहत राहिलो.

इथली माती चुनखडीची, म्हणून एवढे तरी उरले होते. खानापूरकडच्या जांभ्या मातीत आणि त्या पावसात हाडे केव्हाच विरघळली असती. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत प्रौढांना घोट्याखालचे पाय तोडून पुरत असत, हे ठाऊक असल्याने मी आधी पाय शोधले. ते जागेवर होते, आणि नडगीच्या खालच्या टोकाला, पुढच्या बाजूस, उकिडवे बसण्याच्या सवयीने पडणारी गुळगुळीत चकती स्पष्ट दिसत होती. कमरेच्या हाडावरची खाच रुंद होती, म्हणजे ही बाई. दाढा झिजून सपाट झालेल्या, त्यामुळे पस्तिशी ओलांडलेली असावी, असा माझा अंदाज.

मला सगळ्यात बोलका वाटला तो सुळा. त्याच्या एनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, नखाने जाणवतील अशा दोन आडव्या रेषा होत्या. एनॅमल बनत असताना मूल उपासमारीने किंवा दीर्घ आजाराने खंगले, तर त्याची वाढ काही काळ थांबते आणि ती खूण जन्मभर राहते, कारण हाड पुन्हा घडत राहते, एनॅमल घडत नाही. या रेषा साधारण तीन-चार वर्षांच्या वयातल्या, म्हणजे बहुधा आईचे दूध सुटल्यानंतरच्या. दोन्ही वेळा ती वाचली होती.

बांधावर जमलेल्यांपैकी एका आजोबांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, ही बाई मराठी हुती काय कानडी?" सीमाभागात हा प्रश्न येणारच होता. मी म्हटले, "आजोबा, दातावरनं आजार कळतो, भाषा कळत नाही. आणि तिच्या काळात इथं लिहिणंच नव्हतं, मग पाटी तरी कुठली वाचायची?" आजोबांनी ते लगेच कानडीत फौजदारांना सांगितले आणि दोघेही हसले. फौजदारांपुढे मात्र खरीच अडचण होती: पंचनाम्यात जातीचा रकाना होता. तो रिकामा सोडून, 'स्त्री, प्रौढ, पुरातन' एवढे त्यांनी कानडीत लिहिले.

ती कुठली, याचे थोडे उत्तर मात्र दातात असू शकते. लहानपणी खाल्लेल्या अन्नापाण्यातले स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य एनॅमलमध्ये मुरते आणि त्याच्या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण खालच्या खडकानुसार बदलते. आमच्या जिल्ह्यातच सह्याद्रीकडून आलेला काळा बेसाल्ट संपतो आणि गोकाककडचा कितीतरी जुना वालुकाश्म सुरू होतो. या दोन खडकांतले प्रमाण वेगळे असते. म्हणजे ही बाई बेसाल्टावर वाढून लग्नाने किंवा गुरांमागे इकडे आली की लहानपणापासून याच भागात वाढली, हे त्या सुळ्याच्या चिमूटभर भुकटीवरून तपासता येईल. खात्याची माणसे आल्यावर मी त्यांच्याकडे नेमकी तेवढीच मागणी लेखी दिली: जबडा धुऊ नका, सुळा राखून ठेवा आणि भोवतालच्या मातीचा नमुना वेगळ्या पिशवीत घ्या.