ठमीच्या डोळ्यांना सुया आणि करंट: माझा अनुभव

आमची ठमी म्हणजे पग जातीची कुत्री, वय साडेसात, मुक्काम कोथरूड. गेल्या दिवाळीनंतर तिच्या डोळ्यांत चिपडं यायला लागली, आधी नुसती सकाळी आणि मग दिवसभर, आणि साधी नाहीत हो, पिवळट, गोंदासारखी, पुसायला गेलं की तार निघायची. घरात सगळ्यांनी फटाक्यांच्या धुरावर खापर फोडलं. जवळच्या एका डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले, ते चालू असेपर्यंत बरं, थांबले की पुन्हा तेच, असे दोन महिने गेले. मधे मी एक घोडचूक केली. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स फ्रिजमधे उरले होते, ते म्हणाले माझ्या डोळ्याला चालले तर हिला काय होतंय, आणि मी घातले की तीन दिवस!

जानेवारीत ठमी डावा डोळा उघडेचना तेव्हा ओळखीतून प्राण्यांचे डोळे बघणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात आणि ओल चढेल तसा निळा रंग पुढे सरकतो. बरोबर एक मिनिट. चांगल्या डोळ्यात ती ओल १५ किंवा त्याच्या पुढे जाते, ठमीची डावीकडे ४ आणि उजवीकडे ७. मला वाटायचं एवढी घाण येतेय म्हणजे डोळा ओलाच असणार, पण प्रकार उलटा आहे, पाणी आटलं की मागे नुसता चिकटा उरतो आणि डोळा स्वतःला धुऊच शकत नाही. बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते, तिथे सूज धरते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होतात. पग, कॉकर, शित्झू यांच्यात हे फार.

मग डोळ्यात रंग घातला, तर बुबुळावर हिरवा ठिपका. जखम! ते उरलेले ड्रॉप्स स्टेरॉइडचे निघाले आणि बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड म्हणजे डोळा जायचीच वेळ. मॅडम ओरडल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं, ते जास्त लागलं.

आधी जखम भरली, मग सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब पाच-सहा वेळा. सायक्लोस्पोरिन म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणारं तेच औषध जे किडनी बदललेल्या माणसांना देतात, इथे डोळ्यापुरतं. परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो आणि बहुतेकदा जन्मभर चालू ठेवावं लागतं. मार्चअखेर डावीकडे ६, उजवीकडे १०. तिथेच गाडी अडली. तेव्हा मॅडम म्हणाल्या, सोबत इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून त्यांतून बारीक करंट सोडायचा, असं करून बघायचं का? एक अट मात्र आधीच घातली, सुयांच्या भरवशावर मलम बंद करायचं नाही.

नवरा म्हणाला, "आता कुत्रीला शॉक देणार?" मी पण घाबरलेच होते. मॅडमनी नीट सांगितलं की अश्रुग्रंथीला पाणी सोडायचा निरोप नसेतून जातो, बारीक करंटने ती नस जागी करायची आणि सूजही उतरेल अशी आशा, आणि हे बरंचसं बघितलंय ते सशांवर आणि उंदरांवर. मुद्दाम डोळे कोरडे केलेल्या सशांमधे पाणी वाढलं आणि सूज कमी झाली. पण पग म्हणजे ससा नव्हे, हेही त्याच म्हणाल्या. त्यामुळेच मी हो म्हटलं, खात्री दिली असती तर उठून आले असते.

पहिल्या सिटिंगला ठमीला माझ्या मांडीवर बसवलं, समोर वाटीत दही. केसाएवढ्या बारीक सुया, भुवईच्या दोन्ही टोकांना आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यामागे. नाकाकडच्या कोपऱ्यातली जागा त्यांनी सोडून दिली, हलणाऱ्या कुत्र्याच्या बुबुळाजवळ सुई नको म्हणून. सुयांना चिमटे, चिमट्यांच्या वायरी कपाळावर चिकटपट्टीने धरलेल्या, नाहीतर वजनाने सुई ओढली जाते. शेवटी एक डबी, बटण शून्यापासून अगदी सावकाश फिरवलं, आणि तिची भुवई टक टक टक उडायला लागली, सेकंदाला दोनदा, मग मधेच भराभर थरथर, मग पुन्हा टक टक. ठमीने एकदा माझ्याकडे बघितलं, दही संपवलं आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागली. एकूण वीस मिनिटं. घरी येऊन व्हिडिओ दाखवला तर सासूबाई म्हणतात, "डावा डोळा लवतोय, शुभ असतं बाईमाणसाला."

आठवड्याला एक अशा आठ सिटिंग, प्रत्येकी नऊशे रुपये. रिक्षावाले कुत्रं बघून मान हलवायचे म्हणून जायचा-यायचा कॅबचा खर्च वेगळा. आकडे मी कालनिर्णयवर लिहायचे, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. चौथ्या सिटिंगनंतर डावीकडे ८, आठव्यानंतर १०, आणि उजवीकडे १४. चिपडं जवळजवळ गेली, सकाळी डोळे आपणहून उघडायला लागली. बुबुळावर जो काळसर डाग धरलाय तो आहे तसाच, तो आता पूर्ण जाणार नाही.

आता हे सुयांनीच झालं का? सांगता येत नाही. मलमाला कधीकधी जास्त दिवस लागतात, वर आठवी सिटिंग झाली तोवर पाऊस सुरू झाला होता, म्हणजे हवाही ओली. पण एक गोष्ट घडली. गणपतीत आम्ही पाच दिवस चिपळूणला गेलो, जायच्या दोनच दिवस आधी सिटिंग झालेली, आणि मलम राहिलं फ्रिजमधे. रोज उद्या आणू उद्या आणू, आरत्या, पाहुणे, मोदक, राहिलंच. परत आल्यावर पट्टी लावली तर डावीकडे ७.

मॅडम परत नुसत्या बघत राहिल्या.

आता मलमाची एक ट्यूब फ्रिजमधे, एक प्रवासाच्या बॅगेत थंड पिशवीसकट. सुया तीन आठवड्यांतून एकदा चालू ठेवल्यात, कारण तिला त्रास होत नाही आणि खरं सांगायचं तर मलाच त्या बंद करायची भीती वाटते. परवा डावीकडे ९ भरले. पुढची सिटिंग शनिवारी साडेअकराला, दही विसरायचं नाही असं नवऱ्यानेच कालनिर्णयवर लिहून ठेवलंय.