क्लॅटचा अर्ज भरावा का?
भाचीने क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, सराव परीक्षांचे गुण वहीत तारखेनिशी मांडून माझ्यापुढे ठेवले, तेव्हा मला एकूण गुणांपेक्षा चुकलेल्या उत्तरांचा रकाना अधिक बोलका वाटला. कारण 120 मिनिटांत 120 प्रश्न आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा, अशा परीक्षेत अंदाजपंचे उत्तरे देणारा हुशार विद्यार्थीही मागे पडतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आशा सोडावी, असे मी म्हटले नाही. मात्र मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विद्यापीठेही याच परीक्षेतून प्रवेश देतात आणि तेथे महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात, हे तिने हिशेबात धरलेच नव्हते. (शुल्काचा हिशेब तिच्या बाबांनी केव्हाच केला होता!) अर्ज जरूर भरावा, पण जोडीला राज्याची विधी सीईटीही द्यावी, म्हणजे मुंबईच्या 1855 सालच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे दार उघडे राहील, असे मी सुचवले.