दोन ताऱ्यांतून सुटलेले नाव

जानेवारी २०२६ मधील नवी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीपूर्वी प्रभागाची मतदार यादी हाती आली, तेव्हा घणसोली गावठाणातील आमच्या ओळखीच्या दोन गृहस्थांच्या नावांपुढे दोन-दोन तारे छापलेले दिसले. संभाव्य दुबार मतदारांसाठी राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेली ही खूण. आपण कोणत्या केंद्रावर मतदान करणार, हे अशा मतदाराने लेखी द्यायचे असते. हे दोघे खरोखरच दोन वेगळी माणसे आहेत. दुबार होते ते माझे नाव, आणि त्यापुढे एकही तारा नव्हता.

महापे येथील एका कंपनीत ग्राहकांच्या नोंदी तपासून एकाच माणसाच्या दोन नोंदी एकत्र करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या प्रकाराचे मला आश्चर्य वाटले नाही. थोडी लाज मात्र वाटली. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि लिंग जुळले की संगणक दोन नोंदी संशयित म्हणून पुढे करतो. गावठाणात आडनावे मोजकीच, म्हात्रे, पाटील, मढवी. त्यातच आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने तीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात आणि समवयस्क दोन माणसांचे पूर्ण नाव एकच निघणे मुळीच दुर्मीळ नसते. यादीत छापले जाते ते वय, जन्मतारीख नव्हे. घर क्रमांकाच्या रकान्यात पुष्कळदा नुसती आडवी रेघ असते. मग या दोघांना वेगळे ओळखायचे कशावरून?

माझे उलट झाले. कॉलेजात असताना माझे नाव सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील माहेरच्या गावी नोंदले गेले. लग्नात आडनाव आणि मधले नाव बदललेच, शिवाय सासरच्या रिवाजाप्रमाणे तांदळात नवे नावही लिहिले गेले. घणसोलीत आल्यावर मी नाव नोंदणीचा अर्ज, म्हणजे ‘नमुना ६’ भरला. आधीच्या नोंदीचा तपशील देण्याची जागा त्यात होती, ती मी घाईत कोरी सोडली आणि ओळखपत्राचा नवा क्रमांक घेऊन मोकळी झाले. जुळणीसाठी मागे उरले फक्त लिंग आणि वय. २०२२ पासून स्थलांतरासाठी ‘नमुना ८’ आहे, त्यात जुनाच ओळखपत्र क्रमांक मतदाराबरोबर पुढे येतो. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते, कारण नोंद नव्याने न जन्मता जागा बदलते. तोवरची व्यवस्था नाव घालणाऱ्याच्या सोयीची होती. नाव घालण्यासाठी उमेदवारापासून सोसायटीच्या सचिवापर्यंत सगळे धावतात. काढण्यासाठी कुणाला घाई असते?

मी दोनदा मतदान कधी केले नाही, पण कायदा तेवढ्यावर थांबत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ नुसार एकाहून अधिक मतदारसंघांत आणि कलम १८ नुसार एकाच मतदारसंघात एकाहून अधिक वेळा नोंद असता कामा नये. कलम ३१ खाली खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गावी घर आहे म्हणून नाव तिथेही असावे, असे आमच्याकडे सर्रास मानले जाते. कलम २० मात्र स्पष्ट सांगते की केवळ घराच्या मालकीमुळे माणूस तेथील सामान्य रहिवासी ठरत नाही. साताऱ्याहून आलेल्या माथाडींच्या या शहरात हा विषय जुनाच आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात १७ एप्रिलला आणि ठाण्यात २४ एप्रिलला मतदान होते, तेव्हा शाई पुसून दोन्हीकडे मतदान करण्याचा विनोद येथील माथाडींच्या सभेत भाषणातून झाला होता. सगळे हसले, कारण अशी दोन नावे असलेली माणसे समोरच बसलेली होती.

तरीही, संशयित नावे सरसकट कापून टाका, ही मागणी मला पटत नाही. माझी दुसरी नोंद पाटणला निजून राहिली तर ती वापरण्यासाठी मला प्रवास आणि लबाडी दोन्ही करावी लागतील. त्या दोन गृहस्थांपैकी एकाचे नाव गेले तर त्याला मतदानाच्या दिवशी केंद्रावरूनच परत फिरावे लागेल. म्हणूनच कलम २२ मध्ये अशा कारणाने नाव वगळण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. यंत्राने संशय घ्यावा आणि निर्णय दारापर्यंत गेलेल्या माणसाने करावा, असा माझा धंद्यातला अनुभव आहे.

गावच्या यात्रेला गेले तेव्हा मी नाव वगळण्याचा अर्ज, म्हणजे ‘नमुना ७’ बरोबर नेला. संकेतस्थळावरील यादीत छायाचित्रे नसतात. बीएलओंकडील, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडील, प्रतीत असतात. आमच्या गावचे बीएलओ म्हणजे मला चौथीला शिकवणारे गुरुजी. त्यांनी दोन वेण्यांतील ते धूसर छायाचित्र पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि माहेरच्या नावाने हाक मारून बसायला सांगितले. मग चष्मा पुसत म्हणाले, “ओळखलं गं. पण लग्नाचा दाखला आणलायस ना?”