एका फोटोच्या पाठीवरचा शिक्का

वेल्सची राजधानी कार्डिफच्या ब्यूटटाउन भागातल्या सात मुलामुलींनी आपल्या वस्तीतल्या बॉक्सिंगवर अकरा मिनिटांची फिल्म केली. संकलन आणि परवानग्यांची कागदपत्रं माझ्याकडे होती. चित्रीकरण नऊ दिवसांत आटोपलं, संकलन महिन्याभरात झालं आणि एका फोटोपायी चौदा आठवडे गेले. तो फोटो पडद्यावर सात सेकंद दिसतो. त्या पत्रव्यवहाराची फाइल उघडली की अजूनही डोकं तापतं. दुसऱ्या कुणाचे एवढे आठवडे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी विषय सांगते, म्हणजे फोटो का सोडवेना ते कळेल. ब्यूटटाउन म्हणजे जुनं टायगर बे, गोदीला लागून असलेली वस्ती. कोळशाच्या जहाजांवरचे सोमाली, येमेनी, वेस्ट इंडियन, पश्चिम आफ्रिकी खलाशी इथे उतरले, इथेच लग्नं करून राहिले. जवळच्या न्यूटाउनमध्ये आयरिश वस्ती. तिथल्या जिम ड्रिस्कॉल या बॉक्सरच्या अंत्ययात्रेला १९२५ साली लाखभर माणसं होती, आणि १९९७पासून शहरात त्याचा पुतळा आहे. ब्यूटटाउनच्या एंजेलिना स्ट्रीटवरचा जो अर्स्किन २७ ऑगस्ट १९५६ला कार्डिफच्याच मेंडी स्टेडियमवर ब्रिटनचा हेवीवेट विजेता झाला. त्याचे वडील वेस्ट इंडियन होते.

अर्स्किनच्या आधीच्या पिढीला मात्र हे दारच बंद होतं. १९११ ते १९४८ या काळात ब्रिटिश विजेतेपदासाठी लढायचं तर आई आणि वडील दोघंही गोरे हवेत, असा नियम होता. वेल्समधल्याच मर्थर टिडफिल गावचा बॉक्सर कथबर्ट टेलर १९२८च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळला, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, पुढे व्यावसायिक म्हणून दोनशेहून जास्त लढती लढला. ब्रिटिश विजेतेपदासाठी त्याला एकदाही लढू दिलं नाही. बंदी उठल्यावर २८ जून १९४८ला डिक टर्पिननं बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ते जिंकलं, बंदीनंतरचा तो पहिला कृष्णवर्णीय विजेता.

हा नियम मुलांना ठाऊक नव्हता. कुणाचे आजोबा येमेनी आणि आजी वेल्श, कुणाचं घराणं बार्बाडोसहून आलेलं. ‘दोघंही गोरे’ हे शब्द वाचल्यावर फिल्मचा रोखच बदलला. तोवर ती जिमवरची फिल्म होती, त्यानंतर ‘इथलं कोण ठरतं आणि ते ठरवतं कोण’ याची झाली. आणि त्या फिल्मच्या मधोमध तो फोटो हवाच होता. १९६१ सालचा, स्टुडिओत काढलेला, मुलांपैकी एकीच्या आजोबांचा. मागे रंगवलेला पडदा, हातात ग्लोव्ह्ज, केस चापूनचोपून बसवलेले, नजर थेट कॅमेऱ्यात. मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव, रस्ता आणि ‘कॉपीराइट’ असा शब्द असलेला जांभळा रबरी शिक्का.

शिक्का बघितला आणि मी पहिली चूक केली. स्टुडिओचं नाव शोधलं, तो केव्हाच बंद झाला होता, पण त्याच्या निगेटिव्ह एका व्यावसायिक चित्रसंग्रहाकडे गेल्याचं कळलं. मी त्यांना सरळ लिहून मोकळी झाले की आम्हाला हा फोटो वापरायचा आहे, किती पैसे द्यावे लागतील? असं कधीही लिहू नका. या एका वाक्यात आपण हक्क त्यांचा असल्याचं आपणहून कबूल करून बसतो.

पहिलं उत्तर यंत्रानं पाठवलेलं. तीन आठवड्यांनी दर आला: १८० पौंड, पाच वर्षं, फक्त ब्रिटनमधल्या महोत्सवांसाठी. इंटरनेटवर टाकायचं तर वेगळा दर, परदेशासाठी आणखी वेगळा. फिल्मचं सगळं बजेट बघता तो आकडा छातीवर दगड ठेवल्यासारखा होता. तेव्हा कुठे मी विचारायला हवं होतं ते विचारलं: तुमच्याकडे निगेटिव्ह आहेत की हक्क आहेत? पुढचे पाच आठवडे शांतता. दर आठवड्याला आठवणीचं पत्र, त्याला उत्तर नाही, फोन केला की ‘ज्यांच्याकडे हे काम आहे ते आज नाहीत’. शेवटी दोन ओळी आल्या की फोटो आमच्या संग्रहात आहे, सबब परवानगी आमचीच लागेल. या ‘सबब’चा मला आजही राग येतो, कारण कायद्यात तशी सबब नाही.

हा भाग नीट वाचा. निगेटिव्ह विकत घेतली म्हणजे कॉपीराइट मिळत नाही. ती वस्तू आहे, हक्क वेगळा. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी कागद आणि देणाऱ्याची सही लागते. म्हणून कुठल्याही संग्रहाला पहिल्याच पत्रात तीन प्रश्न विचारावेत: हक्क तुम्हाला कुणाकडून आले, कोणत्या कागदानं आले, आणि फोटो मुळात कुणी पैसे देऊन काढवून घेतला होता का? तिसऱ्या प्रश्नावर सगळं फिरतं. ब्रिटनमध्ये १ जून १९५७ ते ३१ जुलै १९८९ या काळात कुणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल, आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. स्टुडिओनं मागे कितीही शिक्के मारले तरी. १ ऑगस्ट १९८९पासून मात्र हक्क फोटो काढणाऱ्याचा झाला, तेव्हा त्यानंतरच्या फोटोंना हे लागू करू नका. १९५७च्या आधीच्या फोटोंचं गणित आणखी वेगळं आहे. त्यांची मुदत मध्ये संपून १९९६ला पुन्हा जिवंत झालेली असू शकते आणि तेव्हा मालकही बदललेला असू शकतो. तिथे अंदाजानं जाऊ नका, जाणकाराला विचारा.

वृत्तपत्राच्या पगारी छायाचित्रकारानं लढतीत काढलेल्या फोटोला यातलं काही लागू नाही. त्याचे पैसे बॉक्सरनं दिलेले नसतात, तिथे वृत्तपत्राशीच बोलावं लागतं.

आपल्याकडे हे जास्त सोपं आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम १७ मध्ये, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणाराच, आणि ते कलम आजही आहे. कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीच्या भिंतीवरचे जुने स्टुडिओतले फोटो घेऊन कुणी फिल्म करणार असेल तर आधी पैलवानाच्या घरी जा, स्टुडिओकडे नंतर.

आता पैसे आजोबांनी दिले हे सिद्ध कसं करायचं? नात घरी गेली, आजीच्या शिवणाच्या डब्यात पाकीट सापडलं. आत पोस्टकार्ड आकाराच्या आणखी दोन प्रती आणि पावती. पावती बोटभर रुंदीची, घडीवर विरलेली, शाईनं लिहिलेली: आजोबांचं नाव, ‘सहा प्रती’, शिलिंगमधली रक्कम, खाली ‘पैसे मिळाले’ आणि आडवी सही. तारीख फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखेशी जुळत होती. पावती नसती तरी एकाच बैठकीच्या अनेक प्रती घरात असणं, पाकिटावरचा ऑर्डर क्रमांक, नातेवाइकाचं सही केलेलं निवेदन यांचा आधार होतो. म्हणून घरातले फोटो स्कॅन करताना मागची बाजू, पाकीट, अल्बमचं पान, सगळं स्कॅन करा. आम्ही सुरुवातीला फक्त पुढची बाजू केली होती आणि त्यात तीन आठवडे फुकट गेले. पोस्टकार्ड आकाराला १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके), आणि टिफ फाइल, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणारी. पडद्यावर फोटोच्या आत हळूहळू सरकायचं असेल तर ३०० अपुरं पडतं, चेहरा जवळ आला की तो धूसर दिसतो.

मालक वारला असेल तर हक्क वारसांकडे जातो, आणि वारस एकाहून जास्त असले तर सगळ्यांची संमती लागते. आजोबांची तीन मुलं, दोन कार्डिफमध्ये, एक कॅनडात. तिघांच्या सह्या घेतल्या. कागदावर फोटोचं वर्णन, छोटी प्रत, फिल्मचं नाव, महोत्सव आणि इंटरनेट दोन्ही, जगभर, कायमचं, आणि संमती विनामोबदला आहे हे स्पष्ट. कागद एक पान. त्याहून मोठा केला की माणसं घाबरतात आणि वकिलाला दाखवतो म्हणतात.

अनाथ कृतींचा रस्ताही मी तपासला होता. मालक सापडतच नसेल तर ब्रिटनचं बौद्धिक संपदा कार्यालय परवाना देतं. अर्जाचं शुल्क एका कृतीला २० पौंड, तीस कृतींना मिळून ८०, बिगर-व्यावसायिक वापराला परवान्याचे प्रत्येकी १० पेन्स. स्वस्त आहे, पण आधी कसून शोध घेतल्याची नोंद जोडावी लागते. परवाना जास्तीत जास्त सात वर्षांचा आणि फक्त ब्रिटनपुरता. फिल्म इंटरनेटवर जाणार असेल तर ‘फक्त ब्रिटन’ म्हणजे अडचणच. आणि कुणीतरी दावा करतोय तोवर कृती अनाथ म्हणताच येत नाही.

जुन्या वर्तमानपत्रांचं सांगायचं राहिलं. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन साठा मोफत आहे, पण १९१९पर्यंतच. म्हणजे ड्रिस्कॉल तिथे भरपूर सापडतो, टेलर सापडत नाही. नंतरच्या वर्षांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हची सशुल्क वर्गणी घ्यावी लागते किंवा ग्रंथालयात मायक्रोफिल्म फिरवावी लागते. यंत्रानं वाचलेल्या मजकुरात नावं फार चुकतात, म्हणून बॉक्सरच्या नावाऐवजी लढतीच्या सभागृहाचं नाव आणि ‘राउंड्स’, ‘पॉइंट्स’ असे त्या काळचे इंग्रजी शब्द घालून शोधा. लढतींच्या ऑनलाइन नोंदी जुन्या काळासाठी अपुऱ्या असतात. फिल्ममध्ये आकडा घालण्याआधी एक तरी समकालीन बातमी हातात हवी.

त्या बातम्यांत वर्णाबद्दलचे शब्द आज ऐकवत नाहीत. मुलांनी दोन दिवस वाद घातला आणि ठरवलं की कात्रण जसंच्या तसं दाखवायचं, पण तो शब्द आपल्या आवाजात उच्चारायचा नाही. मुलाखतीत ज्येष्ठांना ‘तुम्ही स्वतःला काय म्हणता?’ असं उघडं विचारायचं आणि तोच शब्द पडद्यावरच्या नावाच्या पट्टीवर घालायचा. एक बाई म्हणाल्या, ‘बे गर्ल’, म्हणजे टायगर बेची मुलगी. पट्टीवर तेच आहे. मला हा मुलांचा सगळ्यात चांगला निर्णय वाटतो, मोठ्यांच्या गटाला तो इतक्या लवकर सुचला नसता.

जिममधल्या चित्रीकरणात चार गोष्टी हमखास बिघडतात. फोनचा कॅमेरा मुळात सेकंदाला ३० चौकटींवर (फ्रेम्सवर) लावलेला असतो. ब्रिटनमध्ये, आणि आपल्याकडेही, वीज ५० हर्ट्झची असल्यानं दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि चित्रात काळे पट्टे सरकतात. २५ चौकटी आणि शटर सेकंदाचा एक-पन्नासांश ठेवा, संथ गतीसाठी ५० चौकटी आणि एक-शतांश. ऑटोफोकस रिंगच्या दोरांवर अडकतो, तो बंद करा. हिवाळ्यात थंडीतून गरम जिममध्ये शिरल्यावर लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, बॅग न उघडता वीस मिनिटं थांबा. आणि पंचिंग बॅगची साखळी व स्पीड बॉल (ठोसे मारायचा छोटा टांगता चेंडू) यांचा आवाज माणसाच्या बोलण्यावर बसतो, तिथे मुलाखत घेऊच नका. फेरीचं घड्याळ तीन मिनिटं चालतं आणि एक मिनिट विश्रांती असते. त्या मिनिटात शांत झालेल्या जिमचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, संकलनात फार कामाला येतो.

जिममध्ये सराव करणारी अठराखालची मुलं मागे दिसत असतील तर पालकांची सही चित्रीकरणाच्या आधीच घ्या. फिल्म करणाऱ्या मुलांच्या पालकांची वेगळी. आम्ही सही नसलेल्यांना हातावर पिवळी पट्टी बांधायला दिली, संकलनात चौकट थांबवून बघता आलं.

परत चित्रसंग्रहाकडे. पावतीचा स्कॅन, ब्रिटनच्या १९५६च्या कॉपीराइट कायद्यातला ‘हक्क पैसे देणाऱ्याचा’ हा नियम आणि वारसांची संमती जोडून मी एकच पत्र पाठवलं. परवानगी मागितली नाही. ‘लेखी हस्तांतरणाचा कागद असल्यास चौदा दिवसांत दाखवावा, अन्यथा आम्ही वारसांच्या संमतीनं घरातली प्रत वापरत आहोत’ एवढंच लिहिलं. तेराव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं की या प्रतीबाबत आमचा दावा नाही. दर कुठून काढला होता, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

श्रेयनामावलीत आजोबांचं नाव आहे, खाली ‘कुटुंबाच्या संग्रहातून’. त्याखाली बंद पडलेल्या स्टुडिओचं नावही आहे. ते नातीनं आग्रहानं घालायला लावलं, शिक्क्यावर होतं तस्सं, रस्त्यासकट.