तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांकडे कधी जाता?

‘दोघंही निवृत्त झालात आणि वर्षभर गाणी ऐकत गावोगाव हिंडता, मग मुलांकडे, नातवंडांकडे कधी जाता?’ लग्नकार्यात, बँकेत, सकाळच्या फिरण्यात हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, म्हणून एकदा सविस्तरच सांगते. आम्ही ज्या गाण्यांसाठी जातो ती मुळात घराघरांतली, नात्यागोत्यांतली गाणी आहेत. त्यांच्यामागे गेलं की घरची माणसं आपोआप जवळ येतात.

आमचं वर्ष पंचांगावर ठरतं, कारण या गाण्यांना तिथी असते. आषाढात दिंडी, भाद्रपदात गौरी-गणपतीला कोकणातला जाखडी नाच, आश्विनात भोंडला, कार्तिकानंतर सिंधुदुर्गातल्या जत्रा, चंपाषष्ठीला जेजुरी, फाल्गुनात शिमगा. दिवाळीनंतर विदर्भातल्या झाडीपट्टीतही नाटकं सुरू होतात, पण त्या नाटकांचं केंद्र असलेलं वडसा आम्हाला लांब पडतं. प्रवास शक्यतो एसटीने. महिलांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट झालं आणि यांची पासष्टी उलटलेली, त्यामुळे दोघांचं मिळून एकाच तिकिटाचं भाडं पडतं.

खरी सुरुवात मात्र यांच्या आत्यामुळे झाली. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. एका संध्याकाळी आम्ही त्या ऐकत बसलो होतो. हे एकदम म्हणाले, ‘आत्ती असंच म्हणायची.’ पुढच्या आठवड्यात लेकीला बरोबर घेऊन आम्ही माण तालुक्यात आत्तींच्या दारात उभे.

नव्वदीला टेकलेल्या आत्ती पलंगावर बसून म्हणायलाच तयार होईनात. ‘अरं, हात फिरल्याबिगर ओवी येती व्हय?’ म्हणाल्या. गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं जातं बाहेर काढलं, झाडून पुसून ओसरीवर मांडलं. वरची पाळ बसवली, खुंटा ठोकला. आत्ती एक पाय लांब करून बसल्या, समोर मी. त्यांनी मूठभर ज्वारीचा घास घातला आणि खुंट्याला हात लावला. पहिले दोन फेरे नुसतीच घरघर. तिसऱ्या फेऱ्याला आवाज आला, थोडा फाटका, पण सुराला पक्का. आधी विठ्ठल, मग आई, मग भाऊ. भावाच्या ओवीत त्यांनी माझ्या सासऱ्यांचं लहानपणीचं लाडाचं नाव घेतलं. ते नाव घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. हे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ खांबाला टेकून रडत होते आणि लेक एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. दळताना, एकटेपणी, बायकांनी आपल्या माणसांची नावं अशी जपून ठेवली. वंशावळीच्या वहीत मुलींची नावं सापडत नाहीत. आत्तींच्या ओव्यांत सासरी गेलेल्या बहिणी आहेत, लहानपणीच गेलेली एक भाचीही आहे. आमच्या घराण्याचा याहून खरा इतिहास माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर मुलं स्वतःहून तारखा विचारू लागली.

मुलगा पुण्याहून नातीला घेऊन सिंधुदुर्गातल्या एका जत्रेला आला. दशावतारी मंडळी देवळामागे बसून स्वतःच आपापला चेहरा रंगवतात, ते नात आ वासून बघत होती. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं. संवादांची वही नाही. आख्यान ठरतं, बोलणं तिथल्या तिथे सुचतं. पेटी, पखवाज आणि झांज यांच्यावर अख्खी रात्र उभी राहते. काळ्या वेषातला संकासुर आला तेव्हा नात माझ्या पदरात शिरली, मग हळूच एक डोळा बाहेर काढून हसली. राजांची लढाई पखवाजाच्या बोलांवर सुरू झाली तोवर ती झोपली होती. बाप-लेक मात्र पहाटेपर्यंत जागे होते, मध्येमध्ये चहा पीत, बोलत. एरवी फोनवर त्यांचं बोलणं ‘तब्येत बरी ना?’च्या पुढे सरकत नाही.

आश्विनात आम्ही हैदराबादला लेकीकडे असतो. तिच्या इमारतीतल्या बायका-मुली पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरतात. त्यांतल्या तेलुगू घरांतल्या मुलींना आता सगळी गाणी पाठ आहेत आणि खिरापत ओळखायला त्याच पुढे असतात.

रंगमंचावरच्या लोकगीतांच्या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. त्यातून कलावंतांना चार पैसे मिळतात. पण गोंधळ ऐकावा तर तो ज्या घरचा आहे त्या घरात. मुलाच्या लग्नानंतर आमच्याकडे झाला तेव्हा अंगणात पाच उसांखाली चौक मांडला होता. संबळ कडाडला, तुणतुणं लागलं, आणि गोंधळ्याने एकेका गावाचं नाव घेत देवांना बोलवायला सुरुवात केली. तुळजापूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर. सगळ्यांच्या पाठोपाठ आमच्या गावाच्या ग्रामदेवीचंही नाव आलं. नवी सून तेलाचा पोत, म्हणजे देवीची पेटती मशाल, हातात घेऊन उभी होती. त्या रात्री ती आमच्या घरची झाली, असं मी मनापासून मानते.

कुठेही गेलो तरी बिदागी हातात देतो आणि विचारल्याशिवाय फोन बाहेर काढत नाही.

यंदा लेकीला नवीन घराचा गोंधळ घालायचा आहे. तिची सुट्टी आणि गोंधळी मंडळींची सवड यांचा मेळ बसवण्याचं काम सध्या यांच्याकडे आहे. लग्नसराईत ही मंडळी मिळत नाहीत, म्हणून पाडव्याच्या आतच निरोप धाडायचा आहे.