झाकली बाटली सव्वा लाखाची: आयला बेटावर धुराची परीक्षा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे आयला नावाचं बेट आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास, मेंढ्या भरपूर, आणि डिस्टिलऱ्या नऊ-दहा. धुरकट सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोडवलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, आवडणारा माणूस कधी ना कधी इथं पोचतोच. लेबल झाकलं तरी हा धूर ओळखता येतो का, हे तिथंच बसून बघायचं असं आमचं ठरलं होतं. मी, बायको, आमचा एक मित्र आणि ग्लासगोत राहणारा मावसभाऊ. गाडी त्याची आणि तो पीत नाही, म्हणजे सगळंच जुळून आलं.

आधी पोचायचं कसं ते सांगतो. ग्लासगोहून लॉख लोमंड सरोवराच्या काठाकाठाने केनाक्रेग धक्का गाडीने साधारण तीन तास. बसही जाते. तिथून कॅलमॅक कंपनीची फेरीबोट, दोन-सव्वादोन तास. गाडी न्यायची असेल तर उन्हाळ्यातलं बुकिंग काही महिने आधी करा. पायी जाणाऱ्यांना एवढी अडचण येत नाही. तिकिटावर पोर्ट एलन लिहिलेलं असलं तरी हवामान बिघडलं की फेरी बेटावरच्याच दुसऱ्या बंदराला, पोर्ट अस्केगला लागू शकते, किंवा सुटतच नाही. म्हणून परतीच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईचं विमान ठेवू नका. ग्लासगोहून छोटं विमानही आहे, पाऊण तासाचं. मे महिन्याच्या शेवटी बेटावर व्हिस्कीचा उत्सव असतो. गर्दीची हौस असेल तर जा, नाहीतर सप्टेंबर बरा.

पोर्ट एलनपासून लाफ्रोइग, लॅगवूलिन आणि आर्डबेग या तिन्ही डिस्टिलऱ्या एका पायवाटेवर आहेत, जेमतेम पाच किलोमीटरमध्ये. ही वाट चालतच करा. लाफ्रोइगमध्ये थोडी बार्ली अजून जुन्या पद्धतीने फरशीवर पसरून मोडवतात. मोड आलेले ओलसर दाणे वरच्या जाळीवर आणि खाली पीटची धग. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ आणि झाडपाला. कापून वाळवला की विटेसारखा जळतो. धुरातली फिनॉलं, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, दाण्याच्या ओल्या सालीला चिकटतात, म्हणून धुरी द्यायची ती दाणा ओला असतानाच. असे वाळलेले चार दाणे, म्हणजेच माल्ट, तोंडात टाकून बघा. आधी बिस्किटासारखा कुरकुरीत गोडवा लागतो आणि गिळल्यावर घशात धूर चढतो. व्हिस्कीत काय येणार आहे, ते त्या चार दाण्यांतच कळतं.

इथं सगळे पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलं किती भाग त्या आकड्याच्या गप्पा मारतात. आर्डबेग 55, लॅगवूलिन 35 वगैरे. पण तो आकडा माल्टचा असतो, बाटलीतल्या दारूचा नाही. डिस्टिल करताना जड फिनॉलं उशिरा उतरतात. गाळून येणारी धार कुठं तोडायची यावर धूर किती आणि कसला येणार ते ठरतं. पुढे पिंपातल्या वर्षांत तो आणखी मवाळ होतो. आकडे पाठ करून आलेला आमचा मित्र त्या रात्री सगळ्यात जास्त गोंधळला, ते यामुळेच.

भाड्याच्या कॉटेजवर जेवायच्या आधी बसलो. मसालेदार काही खाल्लं नव्हतं, अत्तर-परफ्यूमवर बंदी होती. मावसभावाने स्वयंपाकघरात पाच सारख्या ग्लासांत 20-20 मिली ओतलं, तळाशी आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ग्लासांना कागदी रुमाल गुंडाळले. रुमाल हवाच, कारण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे आणि गडद रंग दिसला की जीभ आपोआप ‘जुनी आहे’ म्हणते. लाफ्रोइग 10, लॅगवूलिन 16, आर्डबेग 10, बेटावरचीच कल ईला 12 (आकडे पिंपातल्या वर्षांचे), आणि पाचवी कोणती ते फक्त त्यालाच ठाऊक.

लाफ्रोइग लगेच सापडली. टिंक्चर आयोडीनचा तो वास लपत नाही, बायको म्हणाली, “हा तर आमच्या गावचा दवाखाना!” खरी गंमत लॅगवूलिन आणि कल ईलाची. दोघींचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो, धुराची पातळीही साधारण तीच. पण एक गोडसर, जाड, रेंगाळणारी; दुसरी हलकी, लिंबाच्या सालीची, राखेसारखी कोरडी. धूर ही एक चव नाही, हे तेव्हा नीट उमगलं. पाचव्या ग्लासाला आम्ही तिघांनी आयलाच ठरवून टाकलं. “फळांचा गोडवा जरा जास्त आहे,” एवढीच काय ती कुरकुर. चिठ्ठी निघाली गोव्याच्या पॉल जॉन बोल्डची! तिच्यासाठी पीट आयलाहूनच जातो, पण पिंपं मुरतात कुंकळ्ळीच्या उष्म्यात.

तुम्ही करून बघणार असाल तर आधी मद्यार्काचं प्रमाण सारखं करा. आर्डबेग आणि बोल्ड 46 टक्क्यांच्या, ब्रिटनमधली लाफ्रोइग 40 ची. मद्यार्काचा चटका धूर समजला जातो. 46 च्या 20 मिलीत अर्धा चमचाभर साधं पाणी घातलं की ती 40 च्या आसपास येते. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, कारण पहिला ग्लास नेहमीच जास्त धुरकट वाटतो. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्या. आणि पाचाच्या पुढे जाऊ नका, सहाव्यापासून सगळे ग्लास एकच लागतात. अख्ख्या बाटल्या घ्यायची गरज नाही, 5 सेंटिलिटरच्या छोट्या बाटल्या मिळतात.

गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. स्कॉटलंडमधली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, 100 मिली रक्तात 50 मिलिग्रॅम. डिस्टिलऱ्या ड्रायव्हरचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, मागून घ्या. रविवारी बेटावरच्या बसच्या भरवशावर राहू नका.

परतताना भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. 70 टक्क्यांच्या वरची बाटली विमानात चालत नाही, पण कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, सहसा 60 च्या आसपास असते, त्यामुळे चिंता नको. चेक-इन बॅगेत लोकरी मोज्यांत गुंडाळून ठेवा. मोजे तिथंच घ्या, मेंढ्या भरपूर आहेत म्हटलं ना.